दुःखाच्या घरची गाडी

विसरवाडी,
१२ जानेवारी २०२५

ती. स्व. दलपतमामांना,
जोसेफचा सलाम, वि. वि.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, आणि नातवाच्या मोबाईलवर निरोप पाठवला तर तो तुमच्याआधी अख्ख्या लोणखेड्याला वाचून दाखवतो. म्हणून पुन्हा कागद घेऊन बसलो आहे. योगिता हसते आहे. लग्नाआधी मला एक चिठ्ठी लिहिली नाही आणि मामांना पानंच्या पानं, असं तिचं म्हणणं आहे.

आईची तब्येत तुम्ही दिवाळीत पाहिली तशीच आहे. रक्त शुद्ध करायला आठवड्यातून दोनदा तिला नंदुरबारला मशीनवर न्यावं लागतं. जाताना एस. टी. मिळते, येताना मात्र बहुतेक वेळा काळी-पिवळी जीप. मशीनवरून उठलेल्या माणसाला त्या जीपमध्ये कोंबून बसवणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. मागच्या खेपेला खांडबाऱ्याच्या जवळपास तिला गुंगी आली. शेजारच्या बाईच्या टोपलीवर डोकं टेकून ती घरापर्यंत आली. घरी आल्यावर म्हणाली की मशीनला मी कंटाळले नाही, रस्त्याला कंटाळले, आता मला नेऊ नका. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आहे की खेप चुकवली तर आई राहणार नाही.

म्हणून जुनी चारचाकी घ्यायचं मनात आहे. यंदा भात बरं झालं. ट्रॅक्टर चालवतो, तेव्हा हात बसलेला आहे. पण गाडी चालवणं वेगळं आणि पारखणं वेगळं. नंदुरबारचा दलाल उदेसिंग एक गाडी दाखवतो आहे. ती म्हणजे निव्वळ लोणी शे, असं त्याचं पालुपद चाललेलं असतं. तुम्ही डेपोत उभा जन्म काढलात. काय बघायचं, कुठे हात घालायचा, ते सविस्तर लिहा.

मामींना सलाम. आमच्यावर माया आहे तशीच असू द्या.

तुमचा भाचा,
जोसेफ

*

लोणखेडा,
२० जानेवारी २०२५

चि. जोसेफ यास अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझं अक्षर अजून कोंबडीच्या पायांचंच आहे, पण मजकूर लागला. ताईचं वाचून जिवाला घोर लागला. गाडी घे. उशीर करू नकोस आणि घाईही करू नकोस.

गाडीला लोणी म्हणणाऱ्याकडे जाताना घरून जेवून जा, म्हणजे त्याचा चहा घ्यावा लागणार नाही. चहा घेतला की तुझी जीभ उचलत नाही. भिडस्तपणात तू बापावर गेला आहेस. न कळवता सकाळी जा. इंजिन गार हवं. बॉनेटवर हात ठेवून बघ, कोमट लागलं तर तुझ्याआधी कोणीतरी गाडी चालू करून ठेवली असं समज. रात्रभर उभी असलेली गाडी पहिल्यांदा सुरू होताना जशी खोकते तशीच ती खरी असते. तो रेडिओ लावेल. तो आधी बंद करायला सांग.

पायाखालची रबरी चटई उचल. खाली वाळलेला गाळ निघाला तर गाडी पुरात बुडालेली आहे. दारांच्या फटी वरपासून खालपर्यंत सारख्या आहेत का बघ. टायर एकाच बाजूने झिजला असेल तर का ते विचार, आणि उत्तर देताना तो कुठे बघतो तेही बघ.

आता मुख्य गोष्ट. इंजिन गार असतानाच रेडिएटरचं झाकण उघड. पाण्यावर तेलाचा तवंग असेल, किंवा ऑइलच्या कांडीला दुधाच्या चहासारखा चिकटा लागला असेल, तर इंजिनाच्या हेडखालचं गॅस्केट गेलं आहे आणि पाणी तेलात शिरतं आहे. अशी गाडी गावातल्या गावात शहाण्यासारखी वागते आणि उन्हात, चढाला मान टाकते. बाकीचे शंभर दोष पोटात घाल, हा घालू नकोस. तुझ्या गाडीत माझी बहीण बसणार आहे.

मीच आलो असतो, पण गुडघे ऐकत नाहीत आणि कानांनी तर आधीच राजीनामा दिला आहे. काय झालं ते कळव. योगिताला आशीर्वाद, आणि तिला एक तरी चिठ्ठी लिही.

तुझा मामा,
दलपत

*

विसरवाडी,
१८ फेब्रुवारी २०२५

चि. दलपत यास मोठ्या बहिणीचे आशीर्वाद.

अक्षर योगिताचं आहे, शब्द माझे. सुया टोचून टोचून माझ्या हाताला पेन धरवत नाही.

तुझं पत्र खिशात घालून जोसेफ उदेसिंगकडे गेला. रेडिओ बंद करायला लावला, चटई उचलली, तर खाली गाळच गाळ. उदेसिंगचं तोंड बघण्यासारखं झालं म्हणे. घरी आला तो असा, की जणू नवरदेवच. दोन दिवस तेच सांगत होता. तू त्याला गाड्या बघायला शिकवलंस, मुली बघायच्या वेळी कुठे होतास असं मी विचारलं, तर योगिताने लिहायचं थांबून माझ्याकडे डोळे वटारले आहेत.

गाडी मात्र आम्ही दुसरीकडून घेतली. आपले रेवजी मास्तर मागच्या जूनमध्ये गेले ते तुला ठाऊक आहे. त्यांची पांढरी गाडी तेव्हापासून आंब्याखाली उभी होती. गावातला कोण आजारी त्या गाडीत बसला नाही सांग. मास्तरांच्या बायकोने, रूपलीबाईनेच, निरोप धाडला. रोज सकाळी दार उघडलं की गाडी दिसते आणि मास्तर दिसत नाहीत, हे तिला सोसवेना. दलालाला द्यायलाही मन धजेना. सुसाना, तू त्यात बसून दवाखान्यात गेलीस तर मास्तरच नेताहेत असं मला वाटेल, असं ती मला म्हणाली.

मीही बरोबर गेले होते. आम्ही पोचलो तेव्हा ती पदराने काच पुसत होती. जोसेफचा हात बॉनेटकडे गेला. मी खोकले. पुन्हा गेला, तेव्हा मी त्याला हाक मारून शेजारी बसवून घेतलं. दुःखाच्या घरून बैल आणला तर वर्षाची प्रार्थना होईपर्यंत त्याचे दात बघायचे नाहीत, ही आपल्याकडची रीत तू विसरला नसशील. बाबांनी आणलेला तांबडा बैल लंगडा निघाला, पण त्या घरापर्यंत ते कधी जाऊ दिलं का त्यांनी? आम्ही प्रार्थना केली, तिने दोन्ही हातांनी किल्ली दिली, आणि आम्ही आलो. तुला रागवायचं असेल तर मला रागव, पोराला काही बोलू नकोस.

आता मी राणीसारखी जाते. खिडकी उघडी, वाटेत पळस फुललेला. येताना झोपही लागते. रूपलीबाई दर रविवारी चर्चमधून सुटली की विचारते, आमची गाडी कशी चालते. मास्तर गेल्यापासून पहिल्यांदा तिच्या तोंडावर हसू बघितलं.

गुडघ्यांना तेल लाव. बहिणीची आठवण ठेव.

तुझी,
सुसाना

*

लोणखेडा,
२७ फेब्रुवारी २०२५

ती. सुसानाताईस दलपतचा सलाम.

तुझं पत्र वाचून आधी हसलो, मग चिडलो. खरं सांगू, मी तिथे असतो तरी हात पाठीमागेच बांधले असते. रूपलीबाई पदराने काच पुसत असताना कोण बॉनेट उघडणार?

पण आता बैल आपल्या गोठ्यात आहे. घरच्या घरी दात बघायला हरकत नाही. जोसेफला सांग की उद्याच्या उद्या ते झाकण उघड आणि कांडी बघ. काही निघालं तर उन्हाळ्याच्या आत दुरुस्त करून घ्या. एवढं माझं ऐक. लहान भावाचं आजवर कधी ऐकलं नाहीस, आता तरी ऐक.

खिडकीजवळ बसताना डोक्याला रुमाल बांधत जा. तुझ्या पत्राची वाट बघतो.

तुझा,
दलपत

*

विसरवाडी,
२७ एप्रिल २०२५

ती. स्व. दलपतमामांना,
जोसेफचा सलाम.

आईच्या मातीला तुम्ही आलात, दोन दिवस राहिलात, पण मला तुमच्याशी बोलता आलं नाही. तुमच्याशी बोलायचं तर ओरडून बोलावं लागतं, आणि हे ओरडून सांगण्यासारखं नव्हतं. हे पत्र नातवाच्या हाती पडू देऊ नका.

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी मी झाकण उघडलं होतं. पाण्यावर तवंग होता. कांडीला तुम्ही लिहिलं होतं तसाच चिकटा होता. विसरवाडीच्या कुंदन मिस्त्रीला दाखवलं. तो म्हणाला, दुखणं जुनं आहे, मास्तर चर्च, बाजार आणि गावातला दवाखाना एवढंच हळूहळू फिरवायचे म्हणून त्यांना कधी कळलं नसेल. हेड उतरवावं लागेल, आठ-दहा दिवस गाडी सोडावी लागेल. कुंदनचं दुकान चौफुलीवर. बाजाराला जाणारं प्रत्येक माणूस तिथून जातं, रूपलीबाईसुद्धा.

आईने साफ नाही म्हटलं. मास्तरांची वर्षाची प्रार्थना होईपर्यंत ती गाडी लोकांसमोर उघडायची नाही. ज्या गाडीत मास्तरांनी एवढे आजारी नेले ती आतून पोकळ होती आणि ती आपण सुसानाला दिली, हे रूपलीला कळलं तर ती अंथरूण धरेल, असं आई म्हणाली. नवापूरला नेऊ म्हटलं, तर तेवढे दिवस आईच्या खेपा कशाने करायच्या हा प्रश्न. जीपमध्ये बसण्याची ताकद तिच्यात उरली नव्हती. मामा, मी ऐकलं. पाण्याचे कॅन भरून मागे ठेवायचो. चढाच्या अलीकडे थांबून इंजिन गार करायचो. मार्च असाच निघाला. जूनपर्यंत निभेल असं मला वाटलं.

एप्रिलच्या मध्यावर, नंदुरबारला निघालो त्या दिवशी ऊन फार होतं. चढावर काटा सरसर वर गेला, वाफ आली आणि गाडी बंद पडली. पाणी घातलं, थांबलो, पुन्हा पाणी घातलं. इंजिन फिरेना. आईला मोहाच्या सावलीला बसवलं. भर दुपारी गाड्या थांबत नव्हत्या. मी रस्त्यात आडवा उभा राहिलो, तर आईच मला म्हणत होती की जिवावर उदार होऊ नकोस. शेवटी टरबुजांचा पिकअप थांबला. दवाखान्यात मशीन मिळालं, पण उशिरा. तिच्या छातीत पाणी भरलं होतं. दुसऱ्या दिवशी ती गेली. डॉक्टर म्हणाले, हृदय आधीच थकलेलं होतं, उशिराने गेल्या की तशाही गेल्या असत्या ते सांगता येत नाही. मला मात्र रस्त्यावर घालवलेल्या त्या दुपारीखेरीज काही आठवत नाही.

पिकअपमध्ये तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. धाप लागत होती तरी ती एकच सांगत होती, रूपलीला कळू देऊ नको.

आईला माती देऊन आल्यावर तुम्ही पास्टरांजवळ बसला होतात तेव्हा रूपलीबाई माझ्याकडे आली. माझा हात धरून तिने सगळ्यांदेखत विचारलं की मास्तरांच्या गाडीने सुसानाला दगा दिला का. मी सांगितलं, नाही बाई, गाडी चांगली होती, सकाळी पाणी भरायचं मी विसरलो, माझ्या हाताने इंजिन जळलं. ती मटकन खाली बसली आणि रडली. मग तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मागे एस्तेर उभी होती. माझ्या सख्ख्या बहिणीने सगळं ऐकलं.

खरं काय ते योगिताला, तुम्हाला आणि कुंदनला माहीत. कुंदनला मी हात जोडले आहेत. तुम्हालाही जोडतो.

जमेल तेव्हा दोन ओळी लिहा.

जोसेफ

*

अक्कलकुवा,
९ मे २०२५

ती. स्व. दलपतमामा यांस,
एस्तेरचा सलाम, वि. वि.

शाळेला सुट्टी लागली आहे, पण माहेरी जावंसं वाटत नाही, म्हणून तुम्हाला लिहिते. माहेर तरी आता कुठे राहिलं?

मामा, जोसेफने सगळ्यांसमोर कबूल केलं की तो गाडीत पाणी भरायला विसरला. पाणी! चौथीतल्या पोराला सांगितलं असतं तरी त्याने भरलं असतं. एप्रिलच्या उन्हात आईला घेऊन निघताना ह्याला तेवढंसुद्धा सुचलं नाही? मी इथून दर खेपेआधी फोन करायचे, आईचा डबा घेतला का, गोळ्या घेतल्या का विचारायचे. गाडीत पाणी घातलं का, हे विचारायचं माझ्या डोक्यात आलं नाही. ते मी विचारायला हवं होतं का?

त्याने मला दोनदा फोन केला. मी उचलला नाही. तुम्ही त्याला एवढं शिकवलंत, आईने तुमची पत्रं मला वाचून दाखवली होती. त्याचं त्याने काय केलं ते तुम्हीच त्याला विचारा. चाळिसाव्याच्या प्रार्थनेला मी येईन, पण आईसाठी. त्याच्याशी बोलायला कोणी मला सांगू नये, तुम्हीसुद्धा.

रागाने लिहिलं असेल तर क्षमा करा. तुम्ही तरी तब्येत सांभाळा.

तुमची,
एस्तेर

*

लोणखेडा,
१६ मे २०२५

चि. जोसेफ यास आशीर्वाद.

एस्तेरचं पत्र आलं आहे. ते तुला पाठवत नाही, वाचवणार नाही तुला. तिने एका वाक्यात विचारलं आहे की गाडीत पाणी घातलं का हे मी विचारायला हवं होतं का. ते वाचून मी चष्मा काढून ठेवला.

अरे, ताईने रूपलीबाईला सांगू नको म्हटलं होतं. एस्तेरचं नाव तिने घेतलं नव्हतं. सख्ख्या बहिणीला खरं कळलं तर ताईचा शब्द मोडत नाही. तू एका ओळीने हो म्हण, मी तिला सगळं लिहितो. म्हातारा माणूस आहे, आज आहे तर उद्या नाही, माझ्यानंतर तुझ्या बाजूने साक्ष द्यायला कोण उरणार? भाऊ-बहीण असे तुटलेले बघून मला जायचं नाही. गुडघ्यांमुळे चाळिसाव्याला येणं होईल असं दिसत नाही, म्हणून उत्तर लवकर धाड.

तुझ्यावर माझा काडीचाही राग नाही, हे लिहून ठेवतो.

तुझा मामा,
दलपत

*

विसरवाडी,
२८ मे २०२५

ती. स्व. दलपतमामांना,
जोसेफचा सलाम, वि. वि.

उत्तराला उशीर झाला. प्रार्थना पार पडली. माणसं पुष्कळ आली. तुमची खुर्ची मी मांडून ठेवली होती, ती तशीच रिकामी राहिली.

एस्तेर आली. आईच्या फोटोला हार तिनेच घातला. बायकांमध्ये रूपलीबाईच्या शेजारी बसली. रूपलीबाईच तिचा हात धरून समजावत होती, तुझ्या भावाच्या हातून चूक झाली, त्याला क्षमा कर, मास्तर असते तर त्यांनीही हेच सांगितलं असतं. एस्तेर मान खाली घालून ऐकत होती. मी पंगतीत वाढत होतो, म्हणून कानावर आलं.

मामा, तिला लिहू नका. तुमचं पत्र आल्यापासून मी ह्यावर खूप विचार केला. हो लिहायला दोनदा पेन उचललं. पण तिला खरं सांगायचं म्हणजे काय सांगायचं? गाडीतला दोष आम्हाला माहीत होता, दुरुस्तही झाला असता, आणि ती उघडू नका असं आईनेच सांगितलं, हेच ना? आज ती माझ्यावर चिडली आहे तर मी आहे. फोन उचलत नाही, शिव्या देते, पुढे कधी येऊन चार लोकांत माझ्याशी भांडेलही. आईवर राग धरला तर तो घेऊन ती कुठे जाईल? आईशी भांडायला तिला आई मिळणार आहे का?

आणि मी अगदीच निर्दोष आहे असंही मला वाटत नाही. आईला उचलून काळ्या-पिवळीत बसवलं असतं, तिचा रुसवा सोसला असता, गाडी कुंदनकडे टाकली असती, तर कदाचित आज हे पत्र ती योगिताकडून लिहून घेत असती. ते मी केलं नाही. तिचा शब्द मोडायची भीड वाटली. तेव्हा लोक जे बोलतात ते मी खाली बघून ऐकून घेतो. योगिताला फार त्रास होतो. विहिरीवर बायका तिला ऐकवतात आणि तिला उलट बोलता येत नाही.

गाडी तशीच आमच्या दारात उभी आहे. एकजण बघायला आला होता. त्याला मी हेड जळलं आहे म्हणून सरळ सांगितलं, आणि माझ्यामुळेच जळलं हेही सांगितलं.

जेवणाच्या पंगतीत मी पाणी वाढत होतो. एस्तेरपाशी पोचलो तेव्हा तिने पेल्यावर हात आडवा धरला. नंतर उठून तिने स्वतः माठातून घेतलं. शेजारी बसलेल्या रूपलीबाईने मात्र माझ्याकडून दोनदा मागून घेतलं.

मामींना सलाम सांगा. तुमचा हात माझ्या पाठीवर आहे, तो काढू नका.

तुमचा,
जोसेफ